सुंदराबाई उठून पलीकडे गेली

आमच्या पिंपळपाड्यात बायका कबड्डी बघायच्या त्या नळावरची रांग सरकेपर्यंत. हंडा पुढे ढकलायचा, एक चढाई बघायची, परत हंडा. घरातली कामं आटपून, सामना बघायचा म्हणून येणारी आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत जागची न हलणारी बाई एकच होती. सुंदराबाई खरात.

नाहूर आणि मुलुंडच्या मधे, डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. अर्धी वस्ती कोकणातली, गिरण्यांमुळे मुंबईला आलेली. अर्धी घाटावरची, बौद्ध. सुंदराबाई फलटणकडची. तिचा नवरा खंडू महापालिकेत चावीवाला होता, म्हणजे कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते त्याच्या हातात. ती स्वतः मुलुंडला गोळ्या-औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की डोंगरावर बकऱ्या वळणारा माणूससुद्धा मागे वळून बघेल.

तिला मूल नव्हतं. म्हणून ती खेळणाऱ्या पोरांत जीव रमवते, असं बायका म्हणायच्या. ते तिला मुळीच खपायचं नाही. "मूल नाही म्हणून खेळ बघते होय? खेळ आवडतो म्हणून बघते," म्हणायची.

सुरुवात भांडणानं झाली होती. नवप्रकाश क्रीडा मंडळाचं मैदान तिच्या दारासमोरच. तिनं वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि पोरांच्या सरावाची सगळी माती त्यांच्यावर. ती खराटा घेऊन मैदानात शिरली. तेवढ्यात नंदकुमार परबची चढाई चालू झाली. तिघांनी त्याला धरला, एकानं कमरेला, दोघांनी पायांना. तो आडवा पडला, पण दम सोडला नाही. तोंडानं कबड्डी कबड्डी चालू आणि बोटं मातीत रुतवत, तिघांना ओढत, त्यानं मध्यरेषेला हात लावला. सुंदराबाई खराटा हातात धरून तशीच उभी राहिली. मिरच्यांचं काय झालं ते तिलाही नंतर आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी शिंपडलं. मग ते रोजचंच झालं. सरावाच्या आधी पाणी, सामन्याच्या दिवशी मंडळाच्या खोलीची दगडी पायरी. त्या पायरीवर दुसरं कोणी बसत नसे. तिथून ती ओरडायची. शिव्या नाहीत, समोरच्यांची टिंगल नाही. आपल्या पोरांची नावं घेऊन बोलायची. "धोंडू, त्याचं तोंड काय बघतोस, पाय बघ!" "नंदू, घाई नको, तुझाच दम आहे!" मी तेव्हा मंडळाचे गुण लिहायला टेबलाशी बसायचो. भांडुपच्या, कांजूरच्या संघांची पोरं मला आधी विचारायची, "ती बाई आलीय का रे?"

नंदकुमार हा आमचा हुकमी चढाईवाला. त्याचा बाप सहदेव परब गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपानंतर त्याला परत बोलावणं आलंच नाही. तो मुलुंड स्टेशनबाहेर फुटपाथवर रुमाल-मोजे विकायचा. घरात आई जानकी आणि दोन बहिणी. नंदू आणि आमचा कप्तान धोंडू जाधव, दोघं एकाच वर्गात शिकलेले, एकाच मैदानावर वाढलेले. नंदूनं चढाई करायची, धोंडूनं डाव्या कोपऱ्यात उभं राहून पाय धरायचे. ह्या दोघांच्या जिवावर पंच्याऐंशी साली नवप्रकाश पहिल्यांदा वरच्या श्रेणीत गेलं. पाड्यात ढोल वाजला, मंडळाच्या भिंतीवर पेंटरनं नंदूचं चित्र काढलं.

वरच्या श्रेणीतला पहिला सामना कांजूरला होता. संघ मैदानावर उभा राहिला, पंचांनी नाणं उडवायला बोलावलं, तरी नंदूचा पत्ता नाही. धोंडू रस्त्याकडे बघत होता. सुंदराबाई म्हणाली, "येईल. आई आजारी असेल." सामना संपता संपता कोणीतरी बातमी आणली. नंदूला घाटकोपरच्या एका मोठ्या कंपनीनं नोकरी दिली होती. अट एकच, खेळायचं ते फक्त कंपनीच्या संघातून. त्या क्षणी तो कंपनीची जर्सी घालून तिकडे सराव करत होता.

आम्ही लोणावर लोण खाऊन, सगळा संघ पुन्हा पुन्हा बाद होऊन हरलो.

पुढचं सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं. भिंतीवरचं चित्र पोरांनी दगडानं खरवडलं. नंदू मामाकडे घाटकोपरला राहायला गेला, म्हणून राग त्याच्या घरावर निघाला. एके सकाळी नळावर जानकीचा हंडा कोणीतरी रांगेबाहेर भिरकावला.

जानकी रडली नाही. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या झिलान चोरी केल्यान काय? नोकरी धरल्यान! तुमच्या पोटाक कोण घालता, मंडळ?"

सुंदराबाईनं हंडा उचलला, त्याला पडलेला पोचा बघितला आणि तो होता त्याच जागी रांगेत ठेवला. "बाईचा नंबर बाईला द्या," ती म्हणाली. "राग पोरावर आहे ना, मग पोरावर काढा. राग मलाबी आलाय. पण म्हणून ह्यांच्या घरात पाणी जायचं नाही काय?"

राग तिला खरंच होता. नंदू एकदा गुपचूप घरी आला, तेव्हा तिच्या दारावरून गेला. "मावशी," म्हणून थांबला. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

त्यानंतरची दोन वर्षं नवप्रकाशची वाट लागली. जिंकलेला सामना आठवायला लागायचा. मैदानाभोवतीची गर्दी पांगली. ढोलवाले दुसऱ्या मंडळाकडे वाजवायला लागले. सुंदराबाई मात्र चुकली नाही. सुट्टीच्या दिवशी संघ जाईल तिथं जायची. एकदा मानखुर्दला गेली, तिथं आमच्या बाजूनं प्रेक्षक म्हणून ती एकटीच.

खंडूनं कबड्डीचा एक सामना कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "हरणाऱ्यांना बघायला एवढं लांब कशाला जातेस?"

"जिंकणाऱ्यांना बघायला माणसं असत्यातच की."

"त्या पोरांनी तुला काय दिलं गं?"

"मी मागितलंय काय काही?" ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

सत्त्याऐंशीत मंडळाला पंचवीस वर्षं झाली. आमचे सेक्रेटरी राजाराम शिर्के, त्यांनी आमच्याच मैदानावर स्पर्धा ठेवली आणि गर्दी व्हावी म्हणून नंदूच्या कंपनीच्या संघाला बोलावलं. चिठ्ठ्या टाकल्या, तर पहिलीच गाठ नवप्रकाश विरुद्ध कंपनी. पाड्यात परत जीव आला. पांगलेली माणसं परतली. पण ह्या वेळी जो तो एकच बोलत होता, नंद्याला दाखवायचं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सुंदराबाई मैदानावर पाणी मारत होती. राजाराम धोंडूला, त्याच्या शेजारच्या जागी खेळणाऱ्या दादूला आणि बाकीच्या पोरांना घोळक्यात घेऊन बोलत होते. बाई आपलीच, म्हणून आवाज बारीक करायची गरज कोणाला वाटली नाही.

"डावा गुडघा," राजाराम म्हणाले. "पहिल्या पाच मिनिटांत. धोंडू, तू घोटा धर. दादू पायात कात्री घालेल आणि अंगावर पडेल. एकदा तो बाहेर गेला की कंपनी संपली."

दोन पायांची कात्री करून चढाईवाल्याचा पाय अडकवणं नियमात बसत नाही. पंच ताकीद देतात. पण गुडघा गेला तर तो ताकीद दिल्यानं परत येत नाही. आणि नंदूचा डावा गुडघा कच्चा आहे हे फक्त आमच्या पाड्याला माहीत होतं. विसाव्या वर्षी तो सरावात पडला होता. तेव्हा आंबेहळदीचा लेप लावून, टॅक्सीत घालून भांडुपच्या हाडवैद्याकडे त्याला नेलं होतं ते सुंदराबाईनं आणि धोंडूनंच.

तिनं बादली खाली ठेवली.

"राजारामभाऊ, हे काय शिकवताय पोरांना?"

"तुम्ही लक्ष देऊ नका हो सुंदराबाई. आत्तापर्यंत त्यानं आपल्याला कमी रडवलं काय? गद्दार आहे तो."

"असंल. धरा की त्याला. चांगला मातीत लोळवा. मी घसा फाटंपर्यंत ओरडते. पण गुडघ्यावर गेलात तर मी उठणार."

"उठून कुठं जाणार?" दादू हसत म्हणाला.

"समोर. त्यांच्या बाजूला जाऊन बसणार."

सगळे हसले. धोंडू हसला नाही. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, बादली उचलली आणि उरलेलं अर्धं मैदान शिंपायला गेली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. घरांच्या पत्र्यांवर माणसं. पायरीवर सुंदराबाई, केस घट्ट बांधलेले, अंगावर निळी साडी. समोरच्या बाजूला कंपनीच्या साहेबांसाठी मांडवाखाली खुर्च्या. नंदू मैदानात उतरला तेव्हा असा हूऽऽ उठला की पंचांची शिट्टी ऐकू येईना. जानकी घराच्या दारातच उभी होती. पुढे यायची तिची हिंमत झाली नाही.

सुंदराबाई त्याच्या विरुद्ध जीव तोडून ओरडली, हे मी स्वतः ऐकलं. "धोंडू, उजवीकडे झुकतोय तो! सोडू नको!" नंदूनं पहिल्या चढाईत एक गुण नेला. दुसऱ्या चढाईत दोन. तिसऱ्या वेळी तो डाव्या कोपऱ्यावर आला. धोंडूनं झेप घेऊन घोटा धरला, आणि मागून दादूनं दोन्ही पाय त्याच्या गुडघ्याभोवती आवळले आणि आडवा कोसळला.

नंदू ओरडला. पंचांनी शिट्टी मारली, दादूला ताकीद दिली, नंदूला नाबाद ठरवला. तो उठला, लंगडत मध्यरेषेकडे गेला. पत्र्यावरची माणसं नाचत होती. "परत! परत!"

सुंदराबाई उठली.

कोणाच्या लक्षात आधी आलं नाही. तिनं पदर खोचला, चपला हातात घेतल्या, आणि बाजूनं वळसा न घालता सरळ मैदानात शिरली. पंच चक्रावून बघत राहिले. दोन्ही संघांच्या मधून, मध्यरेषेवरून, आखलेली चुन्याची रेघ पुसू नये म्हणून जपून पाय टाकत ती पलीकडे गेली आणि कंपनीच्या मांडवाजवळ मातीत बसली. एका साहेबानं खुर्ची पुढे केली. तिनं हातानंच नको म्हटलं.

पत्रे गप्प झाले. मग कोणीतरी ओरडलं, "फितूर!" आणि एक चप्पल येऊन तिच्यापुढे पडली. ती हलली नाही.

खेळ पुढे चालू झाला. नंदूनं पंचांना सांगितलं, मी खेळतो. दोन-तीन चढायांनंतर तो परत डाव्या बाजूला आला. दादू कात्रीसाठी सरकत होता. धोंडूनं त्याला खांद्यानं मागे ढकललं. "मागे हो. माझा आहे तो." आणि एकट्यानं, उजव्या पायाचा घोटा धरून, नंदूला त्यानं असा खिळवला की तो जागचा हलला नाही. दम संपला. बाद.

कंपनीच्या मांडवातून, साहेबांच्या घोळक्यातून, आवाज फुटला, "धोंडूऽऽ! अस्सं! अस्सं धरायचं!"

साहेब लोक तिच्याकडे बघतच राहिले.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, आणि थोडक्यात हरलेलं माणसाला जास्त लागतं. खापर फुटलं ते सुंदराबाईवर. ती उठली म्हणून पोरांचा धीर सुटला, असं राजाराम चार लोकांत म्हणाले. दुसऱ्या दिवशी नळावर कोणी तिच्याशी बोललं नाही. तिच्या दारावर कोणीतरी कोळशानं लिहिलं, कंपनीवाली.

ते खंडूनं वाचलं. ओलं फडकं घेऊन दार पुसायला लागला. दोघं-तिघं जण बघत उभे होते. तो त्यांना म्हणाला, "मला त्या खेळातलं काय कळत नाही. पण माझी बायको एकदा बोलली की बोलली. तुम्हाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं तिनं. मग आता रागावता कशाला?"

सुंदराबाई त्या संध्याकाळी बादली घेऊन मैदानात आली. पोरं सरावाला जमली होती. तिला बघून काही जण पाठ करून उभे राहिले. ती नेहमीच्या कोपऱ्यापासून पाणी मारत निघाली. दादू म्हणाला, "तुम्ही कंपनीचं मैदान शिंपा ना, मावशी."

"कंपनीला माळी आहे," ती म्हणाली. "सरक. पाय भिजतील."

आठवड्याभरानं नंदू आला. गुडघ्याला पट्टी, हातात मिठाईचा पुडा. तिच्या दारात बसला.

"मावशी, तू माझ्यासाठी आलीस त्या दिवशी. मी जन्मभर विसरणार नाही."

"तुझ्यासाठी?" तिनं ह्या वेळी मान वर केली. "तुझ्यासाठी नाही रे आले. माझा संघ घाण खेळत होता. माझ्या माणसांना लाज वाटावी म्हणून गेले. तू धोंडूच्या हातात सापडलास तेव्हा माझ्याएवढा आनंद कोणाला झाला नसंल."

नंदू हसायला लागला. "तुला अजून राग आहे माझा."

"आहे."

"मावशी, बाबांची गिरणी गेली. दोन बहिणींची लग्नं. तुम्ही ओरडता तेव्हा अंगावर मूठभर मांस चढतं, खोटं नाही सांगत. पण घरी गेल्यावर पिठाचा डबा रिकामा. मी काय करायचं होतं?"

"जायचं होतं," सुंदराबाई म्हणाली. "मी कधी म्हटलं जाऊ नको? माझं काय, मला नोकरी सोडावी लागली नाही नवप्रकाशसाठी. बघणाऱ्याचं सोपं असतं. खेळणाऱ्याचा गुडघा जातो, बघणाऱ्याचा फक्त घसा. तेवढं कळतं मला. पण कांजूरला धोंडू रस्त्याकडे डोळे लावून उभा होता. त्याला एका शब्दानं सांगितलं नाहीस. भ्यायलास. त्याचा राग आहे."

नंदू पुडा हातात फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "मग आता काय करू?"

"मैदानात जा. सगळे जमतील तेव्हा उभा राहा आणि सांग, का गेलास. माफी-बिफी मागू नको. नुसतं सांग. आणि हा पुडा आईकडे दे, दोन वर्षं हंडा भरायला ती माणसांच्या नजरा चुकवतीय."

रविवारी तो आला. बोलताना त्याला घाम फुटला होता. चढाई करताना इतका कधी फुटला नसेल. सगळं नीट झालं असं मुळीच नाही. दादूनं दोन शब्द ऐकवले. धोंडू मधूनच उठून निघून गेला. बऱ्याच वेळानं परत आला आणि नंदूच्या शेजारी, पण जरा अंतर ठेवून बसला. म्हणाला, "गुडघा कसा आहे?"

नंदू कंपनीतच राहिला. त्यानं तिथूनच खेळून नाव काढलं आणि पुढे नोकरीत कायमही झाला. आमच्याकडून तो परत कधी खेळला नाही. पण कंपनीचा सराव नसेल तेव्हा येऊन आमच्या चढाईवाल्यांना शिकवायचा. पाड्याचा राग सरता सरता वर्ष गेलं. कोणी जाहीर केलं नाही, पण नळावर बायका बोलायला लागल्या. राजारामांनी मात्र शेवटपर्यंत तिच्याशी तोंड वाकडंच ठेवलं.

मंडळाची पुढची वार्षिक सभा झाली तेव्हा सुंदराबाई दारात येऊन उभी राहिली. "मला कमिटीत घ्या," म्हणाली.

राजाराम म्हणाले, "बाई कधी कमिटीत नव्हती."

"मैदानावर पाणी मारायला चालती ना? मग मत द्यायलाबी चालंल."

धोंडूनं हात वर केला. त्याच्यामागून एकेक करत बरेच हात वर आले. दादूचाही आला, उशिरा आणि अर्धाच, पण मी तो मोजला.

कमिटीत बसल्यावर तिनं पहिली गोष्ट मागितली ती मुलींचा संघ. त्यावरून परत महिनाभर भांडण झालं. मुलींनी चड्डी घालून खेळायचं का, कुठल्या वेळी, घरचे सोडतील का. सुंदराबाई घरोघर गेली. नंदूची धाकटी बहीण नलिनी पहिली आली. मग धोंडूची पुतणी. मग गोळ्यांच्या कारखान्यातल्या दोन पोरी. सकाळी लवकर, पोरांच्या आधी, त्यांचा सराव सुरू झाला. शिकवायला धोंडू, आणि कधीमधी नंदू.

पहिल्या सामन्याआधी नलिनी चपला काढून रेघेवर उभी होती. तिनं सुंदराबाईला विचारलं, "मावशी, उद्या मलापण कुठल्या बँकेनं बोलावलं तर?"

"जायचं. आधी येऊन सांगायचं, आणि जायचं."

"तू रागावणार नाहीस?"

"रागावीन की. तू समोर आलीस की तुझ्या विरुद्ध बसून ओरडेन," सुंदराबाई म्हणाली. "आता बोलू नको. शिट्टी होतेय. पाय बघ त्यांचे."